गझलेला जाब विचारणारे हाली

पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १७६१ ची संक्रांत उभी राहते. आपल्या बोलीत एखाद्याचे पानिपत होणे म्हणजे त्याचा पुरता निकाल लागणे. त्या लढाईनंतर ७६ वर्षांनी, १८३७ मध्ये, याच पानिपत गावातल्या अन्सारी मोहल्ल्यात अल्ताफ हुसैन नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो ‘हाली’ झाला, मौलाना झाला, आणि उर्दू कविता कशी वाचावी, कशी तपासावी हे सांगणारे पहिले मोठे पुस्तक त्याने लिहिले. त्या पुस्तकाने लखनौचे कवी इतके चिडले की तिथल्या ‘अवध पंच’ या विनोदी पत्राने त्याच्या गावाच्या नावावरच कोटी करून त्याला झोडपले. आमच्या हल्ल्यांनी हालीची अवस्था पानिपतच्या मैदानासारखी झाली आहे, असा त्या टोमण्याचा आशय होता. म्हणजे पानिपत हा शब्द केवळ मराठीतच धूळधाणीसाठी वापरला गेला असे नाही. लखनौच्या नबाबी उर्दूतही त्याला तोच अर्थ चिकटला होता. गंमत अशी की ज्याला असे पायदळी तुडवले, त्याचे पुस्तक आज सव्वाशे वर्षांनंतरही उर्दूच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावे लागते. टोमणे मारणाऱ्यांची नावे मात्र फक्त अभ्यासकांना आठवतात.

घराणे मोठे, पण घरात पैसा बेताचा. पूर्वज हेरातचे सूफी ख्वाजा अब्दुल्ला अन्सारी यांच्या वंशातले आणि बल्बनच्या काळात पानिपतला आलेले, अशी घराण्याची परंपरा सांगते. अल्ताफच्या जन्मानंतर आईचे मन:स्वास्थ्य बिघडले ते कायमचे. वडील ख्वाजा ईजद बख्श मुलगा नऊ वर्षांचा असताना वारले. थोरले भाऊ आणि बहिणी यांनी त्याला वाढवले. शिक्षणाची सुरुवात त्या काळच्या रीतीप्रमाणे कुरआन पाठ करण्यापासून झाली. संपूर्ण कुरआन ज्याला मुखोद्गत असते तो हाफिज. रमजानच्या रात्री मशिदीत तरावीहच्या नमाजमध्ये महिनाभर कुरआन पठण करतात ते हेच हाफिज. हालींनी लहानपणीच हा मान मिळवला. ही गोष्ट नुसती धार्मिक नोंद म्हणून घेऊ नये. मजकूर डोळ्यांनी वाचण्याआधी जो कानात आणि जिभेवर बसतो, त्याला शब्द कुठे तोडायचा, स्वर कुठे चढवायचा, श्वास कुठे घ्यायचा हे आयुष्यभर विसरता येत नाही. एकच वाक्य दोन तऱ्हांनी उच्चारले की त्याचे दोन अर्थ होतात, हे पुढे हालींनी गालिबच्या कवितेत दाखवून दिले. त्यांच्या कानाची तयारी कुठे झाली असेल ते यावरून समजते.

सतरा वर्षांचा होतो न होतो तोच भावाबहिणींनी त्याचे लग्न लावून दिले. त्याला शिकायचे होते. बायको माहेरी गेली असताना, १८५४ मध्ये, कुणालाही न सांगता तो रिकाम्या हाताने दिल्लीकडे चालत निघाला. पानिपत ते दिल्ली हे अंतर नव्वदेक किलोमीटरचे. दिल्लीत एका मदरशात तो अरबी शिकू लागला. त्या वेळी दिल्ली कॉलेज भरात होते. उर्दू माध्यमातून गणित आणि विज्ञान शिकवणारी ती देशातली अपूर्व संस्था. पण मदरशाच्या वर्तुळात तिच्याकडे तुच्छतेने पाहिले जाई आणि हालींनी तिच्यात कधी डोकावूनही पाहिले नाही. ही खंत त्यांनी स्वतःच पुढे नोंदवून ठेवली आहे. नव्या विद्येचा सर्वांत मोठा उर्दू पुरस्कर्ता होणारा माणूस तिच्या दारावरून दीड वर्ष ये-जा करत होता.

त्याच दीड वर्षात मिर्झा गालिब भेटले. गालिब तेव्हा साठीकडे झुकलेले, नाव मोठे आणि कर्ज त्याहून मोठे. त्यांचा उर्दू-फारसी दीवान हातात घेऊन हा तरुण जाई आणि न कळलेल्या ओळींचा अर्थ विचारी. गालिब कुणालाही सहसा कविता करण्याचे उत्तेजन देत नसत. या मुलाच्या गझला पाहिल्यावर मात्र त्यांनी सांगितले की तू कविता केली नाहीस तर स्वतःवरच अन्याय करशील. त्या वेळी त्याचे टोपणनाव ‘खस्ता’ होते, म्हणजे जीर्ण, थकलेला. ‘हाली’ नंतरचे. हाल म्हणजे आजची स्थिती, वर्तमान. हे दुसरे नाव पुढच्या आयुष्याला चपखल बसले.

घरच्यांनी शोधून परत नेले. १८५६ मध्ये हिसारच्या कलेक्टर कचेरीत लहानशी नोकरी लागली, पण वर्षभरात १८५७ चा उठाव पेटला आणि ते असुरक्षित रस्त्यांनी कसेबसे पानिपतला परतले. पुढची चार वर्षे गावातच गेली. ज्या दिल्लीत ते शिकले होते ती या मधल्या काळात उद्ध्वस्त झाली. बादशहा रंगूनला गेला, मोहल्लेच्या मोहल्ले पाडले गेले, ग्रंथसंग्रह लुटले गेले. हालींच्या पुढच्या सगळ्या लेखनामागे ही पडकी दिल्ली उभी आहे. हे लक्षात घेतले नाही तर गझलेवर त्यांचा इतका राग का, हे कळत नाही.

१८६३ च्या सुमारास त्यांना जहांगीराबादचे नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांच्या मुलांचे शिक्षक म्हणून काम मिळाले. शेफ्ता स्वतः कवी आणि त्याहूनही मोठे जाणकार. अतिशयोक्ती त्यांना खपत नसे. साधी गोष्ट खरेपणाने सांगून ती मनाला भिडवावी, ही त्यांची कसोटी होती. कविता सुधारून घ्यायला हाली गालिबकडे पाठवत असत, पण आपल्याला खरा लाभ शेफ्तांच्या सहवासाचा झाला असे त्यांचे प्रांजळ मत होते.

या काळातला एक प्रसंग हालींनी गालिबच्या चरित्रात स्वतः लिहिला नसता तर कुणाला कळलाही नसता. तरुण हाली कडक धार्मिक होते. गालिब दारू पीत, नमाज-रोजा यांच्या वाटेला फारसे जात नसत. गुरूच्या परलोकाची काळजी वाटून हालींनी त्यांना एक लांबलचक उपदेशपर पत्र लिहिले. उभे राहून जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर खुणेने, पण पाच वेळा नमाज पढाच, असा आग्रह त्यात होता. त्या सुमारास एका वादामुळे गालिबना निनावी शिव्यांची पत्रे येत होती. त्यात शिष्याचे हे प्रवचन. म्हातारा दुखावला. तीस वर्षांनी चरित्र लिहिताना हालींनी तो आपल्या धर्मनिष्ठेचा अहंकार होता असे कबूल केले आणि प्रसंग लपवला नाही. उलट गालिबच्या बाजूने लिहिताना त्यांची लेखणी रंगात येते. रमजानमधला तो प्रसिद्ध किस्साही त्यांनीच आपल्यापर्यंत पोहोचवला. दिल्लीचे मुफ्ती आझुर्दा भर रमजानात गालिबच्या घरी गेले, तर हे महाशय एका अंधाऱ्या कोठडीत मित्राबरोबर चौसर खेळत बसलेले. रमजानमध्ये सैतान कैदेत असतो या हदीसबद्दल आज शंका येते, असे मुफ्ती म्हणाले. हदीस अगदी खरी आहे, सैतानाला कोंडतात ती कोठडी हीच, असे गालिबचे उत्तर. एका हाफिजाने हा किस्सा हसत हसत लिहावा, यात पंचविशीतल्या हालींपासून साठीतल्या हालींपर्यंतचा सगळा प्रवास आला.

१८६९ च्या फेब्रुवारीत गालिब गेले. दिल्ली दरवाजाबाहेर जनाज्याची नमाज झाली तेव्हा हाली हजर होते. अंत्यविधी शिया रीतीने करायचा की सुन्नी, यावर तिथे कुजबुज झाली आणि शेवटी सुन्नी रीतीने झाला. दोघांनी मिळून किंवा वेगवेगळी नमाज पढली असती तर अधिक बरे झाले असते, असे हालींनी लिहून ठेवले आहे. गालिबवर त्यांनी लिहिलेला मर्सिया, म्हणजे शोककाव्य, त्यांच्या उत्तम कवितांत मोडतो. त्याच वर्षी शेफ्ताही वारले. दोन्ही आधार एकदम सुटले.

पोटासाठी हाली लाहोरला गेले. तिथे सरकारी बुक डेपोत इंग्रजी पुस्तकांची उर्दू भाषांतरे होत. त्यांची भाषा नीट करण्याचे काम हालींकडे आले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, ते पुढेही आले नाही. दुसऱ्याने केलेल्या अवघडलेल्या भाषांतराला सरळ उर्दूत आणता आणता पश्चिमेकडची साहित्यदृष्टी गाळणीतून गळावी तशी त्यांच्यापर्यंत आली. त्यामुळे त्यांचा फायदा झाला, तसाच थोडा घोटाळाही झाला. तो पुढे येईल.

१८७४ मध्ये लाहोरला एक वेगळाच मुशायरा सुरू झाला. शिक्षण खात्याचे कर्नल हॉलरॉइड यांचा पाठिंबा आणि मुहम्मद हुसैन आझाद यांचा पुढाकार. रूढ मुशायऱ्यात एक ओळ ठरवून दिली जाते आणि त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात सगळे कवी गझल बांधून आणतात. इथे ओळीऐवजी विषय दिला जाई. पाऊस, आशा, देशप्रेम, दया आणि न्याय यांचा वाद. बदल लहान दिसतो, पण त्याने कवितेचे काम उलटे झाले. पूर्वी यमक आधी आणि विचार नंतर, आता विचार आधी. हालींनी या चार विषयांवर चार मसनव्या लिहिल्या. ‘बरखा रुत’ त्यांपैकी पहिली. तिच्यात लाहोरचा उन्हाळा आहे, तापलेली जमीन आहे, जीव टाकणारी गुरे आहेत आणि मग आभाळ भरून येते. उर्दू कवितेत वसंत इराणातून आलेला होता, गुलाब आणि बुलबुल यांच्यासकट. पाऊस इथला होता. (त्याच १८७४ च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. दोन भाषांनी एकाच वर्षी आपापल्या साहित्याकडे नव्या नजरेने पाहायला घेतले, एवढा योगायोग नोंदवायला हरकत नाही.)

लाहोरची हवा मानवली नाही. हाली दिल्लीच्या अँग्लो-अरबिक शाळेत शिक्षक झाले. तिथे सर सय्यद अहमद खान यांनी त्यांना गाठले आणि मुसलमानांच्या आजच्या दशेवर काहीतरी लिही असा लकडा लावला. त्यातून १८७९ मध्ये ‘मुसद्दस’ आली. मुसद्दस हे रचनेचे नाव. एका कडव्यात सहा ओळी, पहिल्या चारांचे यमक एक, शेवटच्या दोनांचे वेगळे. चार ओळींत एखादी गोष्ट वाढत जाते आणि शेवटच्या दोन ओळी ती दार लावावे तशी बंद करतात. ही रचना मर्सियातून, म्हणजे करबलाच्या शोकगीतांतून लोकांच्या कानावर बसलेली होती. हालींनी तीच निवडली. श्रोत्याला सुरातूनच कळले की कुणीतरी मेले आहे. कोण मेले, ते मजकुरातून कळत गेले. इस्लामच्या भरतीचे वैभव आणि ओहोटीची केविलवाणी स्थिती असा तिचा पट, आणि भाषा मुद्दाम उघडी-वाघडी. नबाब, मौलवी, कवी, आळशी श्रीमंत, कुणालाही तिने सोडले नाही. कवींवर तर तिचा विशेष राग. परलोकात काय कमावलेस असे विचारले तर हालीकडून मुसद्दस लिहून घेतली असे सांगेन, असे सर सय्यद म्हणत. पुस्तक हातोहात गेले. सभांतून, शाळांतून, मैफलींतून ते म्हटले जाऊ लागले. पण लोक रडतात आणि घरी जातात, हे हालींच्याही ध्यानात आले असावे. १८८६ मध्ये त्यांनी आशेचा सूर असलेली पुरवणी जोडली. काव्य म्हणून ती पहिल्या भागाच्या जवळपासही जात नाही.

‘मुनाजात-ए-बेवा’ ही १८८४ मधली कविता मात्र खरे आश्चर्य आहे. मुनाजात म्हणजे देवाशी एकांतात केलेले बोलणे, बेवा म्हणजे विधवा. लहानपणी लग्न झालेली, नवऱ्याला नीट पाहिलेही नाही तोच विधवा झालेली मुलगी देवाशी बोलते आहे. इस्लामने विधवेच्या पुनर्विवाहाला पूर्ण मोकळीक दिली आहे, पण उत्तर हिंदुस्थानातल्या खानदानी मुसलमान घरांत ती मोकळीक कागदावरच राहिली होती. शेजारच्या उच्चवर्णीय हिंदूंप्रमाणे तिथेही विधवा आयुष्यभर तशीच बसवली जाई. मुलगी हिंदू की मुसलमान, हा प्रश्न त्या कवितेत जवळजवळ उद्भवतच नाही. हे साधले ते भाषेमुळे. अरबी-फारसी शब्द हालींनी जवळजवळ गाळूनच टाकले. दिल्ली-पानिपतच्या बायका चुलीपाशी, जात्यापाशी जी बोली बोलत तिच्यात ही कविता आहे. ज्या माणसाला कुरआन पाठ, ज्याला अरबीत निबंध लिहिता येत, त्याने आपली सगळी विद्वत्ता दाराबाहेर जोड्यासारखी काढून ठेवली आणि मग आत पाऊल टाकले. महाराष्ट्रात ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची. तिची भाषा संतापाची आहे, हालींच्या विधवेची भाषा हळू आवाजातली आहे. दोन्ही दोन वर्षांच्या अंतराने लिहिल्या गेल्या. पुढे १९०५ मध्ये ‘चुप की दाद’ आली. बायकांच्या मुकाट सोसण्याची दखल घेणारी ही कविता अलीगढच्या ‘खातून’ मासिकात छापली गेली. त्याआधी मुलींच्या शिक्षणासाठी लिहिलेल्या ‘मजालिस-उन-निसा’ला सरकारी बक्षीस मिळाले होते, चारशे रुपये. पानिपतमध्ये त्यांनी मुलींची शाळाही काढली.

१८८७ मध्ये हैदराबादचे पंतप्रधान आसमान जाह अलीगढला आले आणि हालींना दरमहा पंचाहत्तर रुपयांची वृत्ती ठरली. पुढे ती शंभर झाली. निजामाच्या त्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडचा शेतसाराही जात असे. त्यामुळे नव्या उर्दू समीक्षेच्या पायाभरणीला मराठवाड्यातल्या ज्वारी-कापसाचाही थोडा हातभार लागला, असे म्हणता येईल. हालींनी नोकरी सोडली, पानिपतला परतले आणि लिहीत बसले.

१८९३ मध्ये त्यांचा दीवान आला. त्याला त्यांनी प्रस्तावना जोडली आणि ती प्रस्तावनाच ग्रंथाएवढी झाली. ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’. मुकद्दमा म्हणजे प्रस्तावना आणि मुकद्दमा म्हणजे खटलाही. हालींचे पुस्तक दोन्ही आहे.

कवीला काय लागते? हाली तीन गोष्टी सांगतात. कल्पनाशक्ती, जगाचे निरीक्षण आणि शब्दांचा शोध. तिसरीवर ते रेंगाळतात. अर्थ सुचणे पुरेसे नाही. त्याला नेमका बसणारा शब्द सापडेपर्यंत कवीने शोधत राहावे. चांगल्या कवितेचे गुणही तीन. सादगी, असलियत आणि जोश. हे त्यांनी मिल्टनकडून घेतले, पण हातोहात फिरत आलेले. मिल्टनच्या मूळ शब्दाचा रोख इंद्रियांना जाणवणाऱ्या अनुभवाकडे होता. उर्दूत येईपर्यंत त्याचा ‘असलियत’ झाला, म्हणजे वास्तवाला धरून असणे. मघाशी म्हटलेला घोटाळा तो हाच. स्पर्श, गंध, रंग यांबद्दलची अट सत्य-असत्याची अट होऊन बसली आणि पुढची कित्येक वर्षे उर्दू कवितेला तिने कोर्टात उभे केले.

मग आरोपी म्हणून गझल समोर येते. सुरेश भटांमुळे मराठी वाचकाला काफिया आणि रदीफ हे शब्द परके नाहीत. गझलेचा प्रत्येक शेर दोन ओळींत पुरा होतो, शेजारच्या शेराशी त्याचे नाते वृत्त आणि यमक यांपुरतेच. हालींचा आक्षेप असा की अवघड काफिया आणि लांबलचक रदीफ घेतला की कवी आधी यमक पकडतो आणि मग त्याला चिकटेल असा विचार हुडकत फिरतो. विषयांचे तर काय बोलावे. तीच कठोर प्रेयसी, तोच मरायला टेकलेला प्रियकर, तोच साकी, तोच ढोंगी धर्मोपदेशक. ज्याने आयुष्यात प्याला हातात धरला नाही तोही मद्यावर लिहितो. अनुभव नसलेले प्रेम, न पाहिलेली बाग. शिवाय प्रियपात्राचे क्रियापद पुल्लिंगी आणि वर्णन कधी बाईचे, कधी पोराचे. यावर त्यांचा तोडगा असा की ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे उघड करणारे शब्दच टाळावेत, म्हणजे प्रेम हे आई-लेकराचे, मित्रांचे, देशाचे, देवाचे, कुणाचेही होऊ शकेल.

पण हाली गझल बंद करा असे म्हणत नाहीत, हे त्यांच्या विरोधकांनी सोयीस्करपणे नजरेआड केले. गझलेचे शेर लहानथोरांच्या, शिकलेल्या-अडाण्यांच्या तोंडी असतात. लग्नात, मैफलीत, सूफींच्या समाधीपाशी तेच गायले जातात. एवढी पोहोच असलेली रचना बिघडली तर लोकांची मने बिघडतात, म्हणून ती सुधारली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. कसीद्यातली खुशामत आणि मसनवीतले निखळलेले कथानक यांवरही ते कोरडे ओढतात, पण प्रेम गझलेवर आहे आणि म्हणून रागही तिच्यावरच.

‘अवध पंच’ची चिखलफेक वर्षानुवर्षे चालली. हाली एकालाही उत्तर देत बसले नाहीत. पुढच्या पिढ्यांनी मात्र गंभीर आक्षेप घेतले. कलीमुद्दीन अहमद यांना हालींचे विचार उसने वाटले. शम्सुर्रहमान फारुकी यांनी दाखवले की गझलेतला प्रियकर हा खरा कुणी माणूस नसतो, ती परंपरेने घडवलेली भूमिका असते. त्याला अनुभवाचा दाखला मागणे म्हणजे नाटकातल्या राजाकडे राज्याचा नकाशा मागण्यासारखे आहे. फारुकींचा मुद्दा बिनतोड आहे. हालींनी हरलेल्या समाजाचे दुखणे कवितेच्या अंगावर शोधले आणि जिंकलेल्यांची मोजपट्टी तिला लावली.

आणि तरीही या वादात हालींच्या बाजूने सर्वांत चांगली साक्ष हालींनीच दिली आहे. ती ‘मुकद्दमा’त सापडत नाही. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, ‘यादगार-ए-गालिब’ प्रसिद्ध झाले. अर्धे चरित्र, अर्धा निवडक काव्याचा अर्थ. सादगीचा नियम लावला तर गालिबचा अर्धा दीवान बाद व्हायला हवा. पण इथे नियम सांगणारे हाली गप्प बसतात आणि दीवान हातात घेऊन गालिबच्या दारी गेलेला मुलगा बोलू लागतो.

गालिबचा एक शेर आहे. वाळवंट पाहिले आणि घराची आठवण झाली, एवढाच त्याचा आशय. पहिल्या ऐकण्यात वाटते की त्या उजाडपणाची भीती वाटून घर हवेसे झाले. हाली म्हणतात, जरा थांबा. आमच्या घराइतके उजाड जगात काही नाही अशी आमची समजूत होती, हे वाळवंट पाहिले आणि त्या घराचीच आठवण झाली, असाही अर्थ निघतो. शब्द तेच. पहिल्या अर्थात घर हा आसरा आहे, दुसऱ्यात तेच वाळवंटाचे जुळे भावंड आहे. दुसरा शेर साकीचा. प्रियकर मेला आहे आणि साकी पुन्हा पुन्हा विचारतो आहे की प्रेमाची ही माणसाला लोळवणारी मदिरा पचवील असा कोण आहे. हालींनी नोंदवलेला अर्थ खुद्द गालिब सांगत असत. तीच ओळ दोनदा म्हणायची. पहिल्यांदा हाक देण्याच्या सुरात, कुणी आहे का? उत्तर येत नाही. मग तीच ओळ निराशेने, स्वतःशीच, आता कोण असणार? कागदावर काहीच बदलत नाही, बदलतो तो फक्त आवाज. ‘मुकद्दमा’तल्या तिन्ही गुणांच्या यादीत या गोष्टीला जागा नाही. हालींनी ती तरीही लिहिली. शिक्षकाला कविता शिकवायला उभे राहायचे असेल तर त्याने ‘मुकद्दमा’च्या आधी ‘यादगार’ची ही पाने उघडावीत.

१९०१ मध्ये सर सय्यद यांचे भले मोठे चरित्र ‘हयात-ए-जावेद’ आले. शिबली नोमानी यांना ते चरित्रापेक्षा स्तुतिस्तोत्र वाटले आणि ते फारसे चुकले नाहीत. १९०४ मध्ये सरकारने ‘शम्स-उल-उलमा’ हा किताब दिला. डोळे अधू होत चालले होते. १९१४ मध्ये हाली पानिपतलाच वारले आणि बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. त्याच वर्षी त्याच घराण्यात एक मुलगा जन्मला होता. तो पुढे मुंबईला आला आणि त्याने राज कपूरसाठी ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ लिहिले. ख्वाजा अहमद अब्बास.

हालींची जन्मशताब्दी पानिपतमध्ये साजरी झाली ती १९३५ च्या ऑक्टोबरात, म्हणजे इंग्रजी हिशेबाने दोन वर्षे आधीच. ती हिजरी सनाने मोजली होती. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून तर रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि शंभर वर्षांत जवळजवळ तीन वर्षांचा फरक पडतो. भोपाळचे नवाब अध्यक्ष होते. घशाच्या आजाराने आवाज गेलेला असूनही लाहोरहून मुहम्मद इक्बाल आले होते.